मूल कुणाच्या हवाली करायचं?

१९८५ साली न्यूझीलंडच्या समाजकल्याण मंत्री ॲन हर्कस यांनी एक सल्लागार समिती नेमली. समाजकल्याण खातं माओरी लोकांच्या गरजा कितपत भागवतं, हे तिने पाहायचं होतं आणि सुधारणा सुचवायच्या होत्या. अध्यक्षपद जॉन रांगीहाऊ यांच्याकडे होतं. रांगीहाऊ तूहोए जमातीचे. दुसऱ्या महायुद्धात ते माओरी बटालियनमधून लढले, नंतर माओरी खात्यात कल्याण अधिकारी म्हणून लोकांमध्ये फिरले आणि पुढे वायकाटो विद्यापीठाच्या माओरी अभ्यास केंद्रात काम करू लागले. सरकारी कचेरी आतून कशी चालते आणि दाराबाहेर ताटकळणाऱ्या माणसाला ती कशी दिसते, हे दोन्ही त्यांना ठाऊक होतं. खात्याचे महासंचालक जॉन ग्रँट हेही समितीचे सदस्य होते. ज्या खात्याची झडती घ्यायची, त्याचा प्रमुखच लोकांचं म्हणणं ऐकायला समोर बसणार होता.

समितीने लोकांना राजधानीत बोलावलं नाही, ती स्वतः त्यांच्याकडे गेली. माओरी वस्तीत सभागृह, अंगण आणि सामुदायिक स्वयंपाकघर मिळून एक जागा असते, तिला मराए म्हणतात. लग्न, मयत, भांडणतंटा, पाहुणचार, सगळं तिथे होतं. एकामागून एक मराएंवर समिती बसली आणि म्हातारी माणसं बोलू लागली. पैसे अपुरे पडतात, नोकऱ्या नाहीत, कचेरीत कुणी धड बोलत नाही, हे सगळं त्यांनी सांगितलंच. पण पुन्हा पुन्हा विषय मुलांवर यायचा. आमची पोरं तुम्ही नेलीत, आम्हाला विचारलं नाहीत, आणि परत आली ती आमची राहिली नाहीत, असा त्या तक्रारीचा मथितार्थ होता.

ही तक्रार समजण्यासाठी माओरी घर समजून घ्यावं लागतं. आईबाप आणि मुलं एवढ्यावर ते संपत नाही. आजीआजोबा, काका, आत्या, मावश्या, त्यांची मुलं असं मोठं खटलं म्हणजे फानाऊ. अशा अनेक फानाऊंची भावकी म्हणजे हापू आणि अनेक हापूंची मिळून जमात, म्हणजे इवी. मूल या सगळ्यांचं असतं. त्यामुळे एका घरातलं मूल दुसऱ्या घरी वाढणं ही तिथली जुनी रीत आहे. तिला फांगाई म्हणतात. थोरलं नातवंड आजीआजोबांकडे वाढवायला देणं, मूल नसलेल्या बहिणीच्या ओटीत आपलं मूल घालणं, आई आजारी पडली तर मावशीने नेणं, हे सर्रास चालायचं. आपल्याकडे आजोळी वाढलेल्या मुलापासून त्याचे आईवडील कोण हे जसं लपवावं लागत नाही, तसंच तिथे. जन्मदाते ठाऊक असायचे, येणंजाणं असायचं आणि वंशावळीतली जागा कायम राहायची.

सरकारी कायद्याच्या मनात मुलाचं चित्र वेगळंच होतं. १९५५ च्या दत्तक कायद्याने जुनं नातं मुळापासून तोडून नवं जोडण्याची पद्धत पक्की केली. मुलाचा जन्मदाखला नव्याने लिहिला जाई, त्यावर दत्तक आईबापांची नावं येत आणि जुनी कागदपत्रं मोहोरबंद होत. माओरी रिवाजाने दिलेल्या मुलाला या कायद्यापुढे दत्तक मूल म्हणून मान्यता नव्हती. नवं घर मिळण्यासाठी मुलाने जुनं घर विसरलं पाहिजे, हा त्या काळचा ठाम समज होता आणि चांगल्या हेतूच्या माणसांनीही तो मानला. ज्या समाजात वंशावळ हीच माणसाची ओळख, तिथे त्या मोहोरेखाली काय काय गाडलं गेलं असेल, याची कल्पना करावी.

त्याच सुमारास माओरी समाज गाव सोडून शहरात चालला होता. १९४५ मध्ये सव्वीस टक्के माओरी शहरात राहत होते. १९८६ पर्यंत हे प्रमाण जवळपास ऐंशी टक्क्यांवर गेलं. जगात इतक्या झपाट्याने शहरात आलेले समाज थोडेच असतील. कारखान्यांना आणि बंदरांना हात हवे होते, गावात जमीन उरली नव्हती. सरकारी घरं देताना माओरी कुटुंबं मुद्दाम गोऱ्या वस्तीत विखरून ठेवण्याचं धोरण होतं, म्हणजे ती लवकर मिसळून जातील. प्रत्यक्षात ती एकटी पडली. आई पाळीवर गेली तर मूल सांभाळायला शेजारी आजी नाही, बाप दारूच्या आहारी गेला तर त्याला दटावायला थोरला भाऊ नाही. मूल रस्त्यावर भटकताना दिसलं की पोलीस येत, पोलिसांच्या मागून बालकल्याण अधिकारी येई आणि मूल सरकारच्या ताब्यात जाई. त्याचा मामा किंवा आजी शेकडो मैलांवर आहे का आणि त्याला आनंदाने नेईल का, हे विचारायची पद्धतच नव्हती.

सरकारच्या ताब्यातली काही मुलं परक्या प्रतिपालक कुटुंबांत गेली, काही बालगृहांत. लोअर हटचं एपुनी, लेविनचं कोहितेरे, ऑकलंडचं ओवाइराका ही त्यातली नावं आजही तिथे दबक्या आवाजात घेतली जातात. ऑकलंडच्या बालगृहांत बहुसंख्य मुलं माओरी किंवा पॅसिफिक बेटांवरची होती. १९७० च्या दशकात ऑलिव्हर सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वंशवादविरोधी गटाने, ‘अकॉर्ड’ने, या घरांचा पिच्छा पुरवला. १९७८ मध्ये माओरी तरुणांच्या न्गा तामातोआ या संघटनेला सोबत घेऊन त्यांनी स्वतःच जनसुनावणी भरवली. मुलांना दिवसेंदिवस एकट्याने कोंडून ठेवणं, मारहाण, मुलींच्या सक्तीच्या शारीरिक तपासण्या, सगळं उघड झालं. पुढे मानवी हक्क आयोगालाही त्याची दखल घ्यावी लागली.

त्यांनी उजेडात आणलेली सर्वांत भयानक गोष्ट लेक ॲलिस या मनोरुग्णालयातली होती. तिथे १९७२ मध्ये मुलांसाठी वेगळा विभाग निघाला. तिथल्या अनेक मुलांना कसलाच मानसिक आजार नव्हता, ती बालगृहांतून पाठवलेली होती. शिक्षा म्हणून त्यांना भूल न देता विजेचे झटके दिले जात. पत्रं वाचूनच बाहेर सोडली जात. नियुए बेटावरच्या एका मुलाने घरी पाठवायच्या पत्रात हसरा चेहरा काढला. चित्रातल्या माणसाच्या बोलण्यासाठी काढतात तसा फुगा त्याच्या तोंडाशी काढला आणि त्यात नियुएच्या भाषेत लिहिलं की मला विजेचे झटके देतात, फार दुखतं. कर्मचाऱ्यांना ती भाषा येत नव्हती. त्यांना हसरं चित्र दिसलं आणि पत्र पुढे गेलं. घरच्यांनी ते वाचलं, ओरड झाली आणि १९७७ मध्ये चौकशी बसली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या मुलाला वाचवायला अधिकारी, डॉक्टर, परिचारिका, नियमपुस्तक यांपैकी कुणीही कामी आलं नाही. कामी आली ती घरची भाषा, आणि ती वाचणारी घरची माणसं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माओरी समाजाने उत्तरं स्वतःच उभी करायला घेतली होती. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटात पहिलं कोहांगा रेओ निघालं. तिथे आज्या लहान मुलांना दिवसभर सांभाळत आणि त्यांच्याशी माओरीतच बोलत. बघता बघता देशभर शेकडो कोहांगा रेओ उभी राहिली. १९८३ मध्ये मातुआ फांगाई नावाचा कार्यक्रम सुरू झाला. बालगृहात असलेल्या मुलाचा वंश शोधायचा, त्याचे नातलग गाठायचे आणि त्याला जमातीतल्या घरी पोचवायचं, हा त्याचा गाभा होता. जमातीच्या कार्यकर्त्यांनी नाती जुळवून दाखवली. खात्याने मात्र हे काम कायम जोडधंद्यासारखं वागवलं. परक्या प्रतिपालकाला मुलामागे जे पैसे मिळत, ते सख्ख्या आजीला द्यायला खात्याचा हात आखडायचा. हीच अडचण पुढे पुन्हा पुन्हा डोकं वर काढणार होती.

या पार्श्वभूमीवर रांगीहाऊ समितीचा अहवाल १९८६ मध्ये मंत्र्यांच्या हाती आला. त्याचं नाव ‘पुआओ-ते-आता-तू’. त्यात तेरा शिफारशी होत्या आणि एक स्पष्ट निदान होतं. खात्यातली माणसं दुष्ट आहेत असं अहवाल म्हणत नव्हता. खात्याची घडणच वंशवादी आहे, असं तो म्हणत होता. नियम, नेमणुका, प्रशिक्षण, कामाच्या पद्धती, सगळं एका समाजाच्या समजुतींवर बेतलेलं आणि तेच सर्वांना लागू केलेलं. म्हणून माओरी मूल कुठे राहील हे ठरवताना त्याचं फानाऊ, हापू आणि इवी यांना विचारलं गेलं पाहिजे, कायद्याने तसं बंधन घातलं पाहिजे आणि त्यांच्या हाती साधनंही दिली पाहिजेत, असं समितीने सांगितलं. सरकारी अहवालांच्या इतिहासात इतकं थेट लिहिलेलं क्वचित सापडतं, आणि त्यावर खात्याच्या महासंचालकांचीही सही होती.

तरी त्याच वर्षअखेरीस आलेलं बालकांविषयीचं विधेयक जुन्याच वळणाचं निघालं. डॉक्टर, वकील आणि सोशल वर्कर यांच्या पथकांनी मुलांचं भवितव्य ठरवायचं, अशी त्यात योजना होती. माओरी आणि पॅसिफिक समाजांनी त्यावर झोड उठवली. १९८७ च्या निवडणुकीनंतर मायकेल कलन समाजकल्याण मंत्री झाले आणि विधेयकाची नव्याने मांडणी सुरू झाली. रांगीहाऊ ते पाहायला उरले नाहीत, १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं. अखेर १९८९ मध्ये मुलं, तरुण आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठीचा कायदा संमत झाला आणि १ नोव्हेंबर १९८९ पासून लागू झाला. मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची, फानाऊची, हापूची आणि इवीची आहे, गंभीर धोका असेल तरच मुलाला घरातून हलवावं आणि हलवलं तरी शक्यतो त्याच्याच गणगोतात ठेवावं, ही तत्त्वं आता देशाचा कायदा होती.

ही तत्त्वं प्रत्यक्षात आणण्यासाठी कायद्याने एक साधन दिलं. ते म्हणजे फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स, म्हणजे नातेवाइकांची बैठक. तिचं कामकाज जवळून पाहण्यासारखं आहे. मुलाच्या सुरक्षेबद्दल चिंता निर्माण झाली की एक समन्वयक नेमला जातो. त्याचं पहिलं काम माणसं शोधण्याचं. आईकडची, बापाकडची, दुरावलेली, दुसऱ्या शहरात गेलेली. बैठक कुठे आणि कधी घ्यायची, हे घरच्यांना विचारून ठरतं. कुणी मराए निवडतं, कुणी आजीचं घर, कुणी चर्चचा हॉल. सुरुवात प्रार्थनेने करायची की नाही, हेही तेच ठरवतात. मग सोशल वर्कर, डॉक्टर, शिक्षक आपल्याला काय दिसलं ते सगळ्यांसमोर सांगतात. मुलाच्या अंगावर वळ आहेत, महिनाभर शाळेत आलेलं नाही, घरात खायला नव्हतं. जे फायलीत असतं ते आजोबांच्या कानावर पहिल्यांदा पडतं.

आणि मग ही सगळी हुद्देदार माणसं उठून बाहेर जातात. खोलीत फक्त नातेवाईक उरतात. हे कायद्यातच लिहिलेलं आहे आणि या पद्धतीचा प्राणही इथेच आहे. दार लावल्यावर त्या खोलीत रडारड होते, जुनी उणीदुणी निघतात, कुणीतरी आवाज चढवतं. पण परक्यांसमोर जे कुणी कबूल करणार नाही ते आत्या तोंडावर बोलते आणि ज्याच्यापुढे चूक मान्य करायला लाज वाटत नाही असा एखादा थोरला तिथे असतो. मूल कुणाकडे राहील, शाळेत कोण सोडेल, आईचं व्यसन सुटेपर्यंत तिने मुलाला कधी आणि कुणाच्या देखत भेटायचं, शनिवारी कोण डोकावून येईल, असा आराखडा तयार होतो. बाहेरची माणसं परत येतात, तो वाचतात आणि मुलाच्या सुरक्षिततेत खोट दिसली तर नकारही देऊ शकतात. एकमत झालं नाही तर प्रकरण कुटुंब न्यायालयात जातं. सरकार इथे डोळे मिटून बसत नाही. पहिला प्रस्ताव मांडण्याचा मान मात्र ते घरच्यांना देतं.

गुन्हा केलेल्या अल्पवयीनांसाठीही हीच बैठक आली आणि तिथे ज्याचं नुकसान झालं ती व्यक्तीही समोर बसू लागली. युवा न्यायालयाचे पहिले प्रमुख न्यायाधीश मिक ब्राऊन यांनी तिला बळ दिलं. न्यायालयात उभ्या राहणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने घटली, मोठी बालगृहं बंद पडली. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, नेदरलँड्स, स्कँडिनेव्हियातले देश इथल्या अभ्यासकांनी ही पद्धत पाहिली आणि आपापल्या परीने उचलली. जगाच्या बालकल्याणाच्या विचारात एका आदिवासी समाजाच्या रीतीने एवढी मोठी भर घातल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

यानंतरचा इतिहास मात्र अभिमानाने सांगण्यासारखा नाही. कायदा आला तेव्हाच देशाची तिजोरी आवळली जात होती. १ एप्रिल १९९१ पासून सामाजिक भत्त्यांत मोठी कपात झाली. बेकारीची सर्वांत मोठी कुऱ्हाड माओरी कामगारांवर आधीच कोसळली होती. म्हणजे ज्या घरांकडे मुलं सोपवायची, तीच घरं त्या वर्षांत खचत होती. मातुआ फांगाई कार्यक्रम गुंडाळला गेला. जमातींच्या स्वतःच्या बालसेवा संस्थांना मान्यता देण्याची तरतूद कायद्यात होती, पण मान्यता मिळालेल्या संस्था मोजक्याच राहिल्या. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीआजोबांना मिळणारा भत्ता परक्या प्रतिपालकांच्या भत्त्यापेक्षा कितीतरी वर्षं कमी होता. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या कचेऱ्यांत बैठका उरकल्या जाऊ लागल्या, काही ठिकाणी आराखडा आधीच ठरलेला असे आणि नातेवाइकांकडून फक्त होकार घेतला जाई.

याच काळात काही मुलांचे घरातच, ओळखीच्या माणसांच्या हातून जीव गेले. देश हादरला. नात्यागोत्यावर विसंबून राहिल्याने मुलं दगावतात, असा आरोप झाला. हा आरोप उडवून लावण्यासारखा नाही. रक्ताचं नातं ही सुरक्षिततेची हमी नव्हे आणि मुलाचं हित सर्वांत वर, हे १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आणखी ठळक केलं. पण वर्षानुवर्षं एकट्या पडलेल्या आईच्या दाराशी कुणी गेलं नाही, बैठकीतला आराखडा पाळला जातोय का हे कुणी पाहिलं नाही, तर दोष बैठकीचा कसा? नातेवाइकांना बोलावणं आणि त्यांच्या गळ्यात ओझं टाकून निघून जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारने याचा उलटाच धडा घेतला. २०१७ मध्ये ओरांगा तामारिकी हे नवं मंत्रालय आलं. धोक्यातल्या मुलांना लवकर हलवावं आणि कायमचं घर लवकर द्यावं, याकडे कल झुकला. त्या काही वर्षांत जन्मतःच आईपासून काढून नेलेल्या माओरी बाळांची संख्या वाढली. मे २०१९ मध्ये हेस्टिंग्जच्या रुग्णालयात अधिकारी एका तान्ह्या बाळाला न्यायला आले. आई, तिच्या घरची माणसं आणि सुइणी ठाम उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्यांना हात हलवत परतावं लागलं. पत्रकार मेलनी रीड यांनी ते सारं चित्रफितीसह जूनमध्ये प्रसिद्ध केलं. ‘आमच्या मुलांना हात लावू नका’ म्हणत लोक रस्त्यावर आले. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी यांच्यातल्या वायतांगी कराराच्या भंगाच्या तक्रारी पाहणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणाने २०२१ च्या अहवालात सांगितलं की मंत्रालयाच्या किरकोळ डागडुजीने भागणार नाही, माओरींच्या नेतृत्वाखाली नवी वाट आखावी लागेल.

२४ जुलै २०२४ रोजी देखरेखीखालच्या माणसांवरील अत्याचारांच्या शाही चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल आला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि चर्चच्या देखरेखीखाली राहिलेल्या सुमारे साडेसहा लाख माणसांपैकी दोन लाखांपर्यंत माणसांवर अत्याचार झाले असावेत, असा आयोगाचा अंदाज होता. लेक ॲलिसमध्ये जे घडलं तो छळच होता, हे सरकारने त्या वेळी मान्य केलं. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान ख्रिस्तोफर लक्सन यांनी संसदेत माफी मागितली. आणि तरीही, बालकल्याणाच्या कामात वायतांगी कराराशी बांधिलकी राखण्याचं बंधन मंत्रालयावर घालणारं कलम, जे २०१९ मध्ये लागू झालं होतं, ते २०२५ मध्ये रद्द झालं.

या चाळीस वर्षांतून एक गोष्ट मला सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ दिसते. रांगीहाऊ समितीने दोन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या, अधिकार आणि साधनं. सरकारने अधिकार कायद्यात लिहिला आणि साधनं हातची राखून ठेवली. मग जे फसलं त्याचं खापर समाजाच्या माथी फोडलं. बैठकीची पद्धत जिथे मनापासून राबवली गेली, वेळ दिला गेला, आजीच्या घरी पलंग आणि महिन्याचा खर्च पोचला, तिथे मुलं आपल्या माणसांत सुखरूप वाढली. जिथे तिचा उपयोग खर्च वाचवण्यासाठी झाला, तिथे मुलांनीच त्याची किंमत मोजली.

म्हणून समाजाच्या आधाराने बालसंगोपन म्हणजे सरकारने अंग काढून घेणं, असं कुणी सांगितलं तर त्याला ठामपणे विरोध केला पाहिजे. परक्या घरी मूल ठेवताना सरकार जेवढा पैसा, जेवढी माणसं आणि जेवढी देखरेख लावतं, तेवढी सगळी सख्ख्या घरी ठेवतानाही लावली पाहिजे, काकणभर जास्तच. बालगृहाची इमारत बांधायला पैसा असतो आणि आजीला द्यायला नसतो, हा हिशेब कोणत्याही देशात चुकीचाच. मुलाची माणसं शोधून काढा, त्यांना खरं काय ते सांगा, निर्णय त्यांच्यावर सोपवा आणि मग त्यांच्या पाठीशी उभे राहा. मराएंवर बसून म्हाताऱ्या माणसांनी एवढंच मागितलं होतं, आणि ते अजूनही पुरतं दिलं गेलेलं नाही.